वास नसलेला गॅस

किचनर शहरातल्या आमच्या घरात स्वयंपाकाला गॅस नाही. इलेक्ट्रिक शेगडी आहे, सपाट काचेची, जिच्यावर फुलका मेला कधी धड फुगत नाही. तरी आम्ही तिला गॅसच म्हणतो. गॅसवर दूध ठेवलंय, गॅस बारीक कर, गॅस पुसून घे. कॅनडात येऊन केस पांढरे व्हायला लागले, पण जीभ काही बदलली नाही आणि ती बदलायला हवी असं कधी कुणाला वाटलंही नाही. एका शब्दानं काय होतंय? तर त्या एका शब्दापायी गेल्या दिवाळीत माझ्या आईच्या जिवावर बेतलं.

दुसरा गॅस आमच्या बेसमेंटमध्ये होता, सिलिंडरमध्ये. तो माझ्या बियरचा. बियर मी करते, नवरा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे आलेला प्रत्येक जण पहिला घोट घेतला की त्याच्याकडे बघून म्हणतो, "वा, काय जमलीय हो तुम्हाला!" आणि तो गाढव नुसता हसत बसतो.

लोकांना वाटतं घरी बियर करणं म्हणजे चैन. कसली चैन! निम्म्याहून जास्त वेळ मी भांडीच घासत असते. तयार बियर ठेवायची ती केगमध्ये. केग म्हणजे स्टीलचं उभं पिंप, वर झाकण, झाकणावर एक रिंग आणि बाजूला दोन तोंडं. एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून बियर बाहेर येते. पिंप रिकामं झालं की आधी ती रिंग ओढून आतला गॅस सोडायचा. हे विसरून झाकणाला हात घातलात तर झाकण थोबाडावर बसतं. मग कढत पाण्यात पावडर घालून पिंप भिजत ठेवायचं. दोन्ही तोंडं पान्यानं खोलायची, आतली लांब नळी काढून ब्रशनं घासायची, रबरी रिंगा सुट्या करायच्या, सगळं खळखळून धुवायचं. शेवटी सॅनिटायझरचं पाणी भरून पिंप गदागदा हलवायचं. त्याचा फेस होतो, खूप होतो, आणि तो धुवायचा नसतो. तसाच राहू द्यायचा. मग गॅसच्या दाबानं ते पाणी बाहेर ढकलायचं, म्हणजे पिंपात हवा शिरत नाही, नुसता गॅस राहतो.

आई पुण्याहून आली ती थंडीच्या तोंडावर. ह्या वेळची दिवाळी तुझ्याकडे, असं तिनं उन्हाळ्यातच जाहीर केलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरून बेसमेंटमध्ये गेली आणि माझी पिंपं बघून जागीच थांबली.

"हे काय गं, पाणी भरून ठेवलंयस? इथेही पाणी जातं?"

"बियर आहे ती, आई."

ती जवळ गेली. एका पिंपाभोवती फिरली, बोटानं टकटक वाजवून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे हातभट्टी."

आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. जावयाशी मात्र गोड. "तुम्ही बिचारे काय करणार हो, ही लहानपणापासून हट्टी." मग एका शनिवारी मी खालच्या लाँड्रीच्या सिंकपाशी पिंप घासत बसले होते, तेव्हा ती कपडे घ्यायला आली आणि तिथेच रेंगाळली. माझ्या हातातला ब्रश बघत राहिली. कुणी भांडं घासताना माझी आई गप्प राहिली, असं आजवर झालेलं नाही.

"अगं, नळीच्या तोंडाशी बघ काय साचलंय. दे इकडे."

झालं. त्या दिवसापासून पिंपं तिची. तिला बियरशी देणंघेणं नव्हतं, पण लोणच्याची बरणी जिनं जन्मभर उन्हात तापवून, हिंगाची धुरी देऊन भरली, तिला सॅनिटायझर म्हणजे काय हे शिकवावं लागलं नाही. "म्हणजे सोवळ्यातलं म्हण की," ती म्हणाली. रबरी रिंगा ती वाटीत काढून ठेवायची. झाकण पुसायला स्वच्छ पंचाच लागायचा. फक्त फेसावरून आमची जुंपायची. फेस न धुता पिंप भरायचं हे तिच्या पचनी पडेना. माझी पाठ वळली की ती नळाखाली धरून विसळून टाकायची, आणि मी बोंबलत पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचे. पिंपाला हिंगाची धुरी देऊ का, हे तिनं मला खरोखर विचारलं होतं. आणि प्रत्येक पिंप झाकण लावायच्या आधी ती वाकून हुंगायची. आईचं नाक आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. पुण्यात आमच्या खालच्या मजल्यावर एकदा सिलिंडर गळत होता, तो त्या घरातल्या माणसांच्या आधी आमच्या आईला वर बसून कळला होता. तिनं जिन्यावरून आरडाओरडा करून सगळी बिल्डिंग रिकामी केली होती. तेव्हापासून तिचा स्वतःच्या नाकावर जो विश्वास बसला तो बसलाच.

पिंपं भरली की ती कोल्ड रूममध्ये जायची. ओंटारियोतल्या घरांना ही एक खोली असते, पुढच्या पायऱ्यांखाली, बेसमेंटला लागून. काँक्रीटची, खिडकी नसलेली, फ्रीजसारखी गार. बाकीचे लोक तिथे काय ठेवतात कुणास ठाऊक, आपल्या लोकांच्या कोल्ड रूममध्ये तांदळाची पोती, कांदे, बटाटे आणि भारतातून आणलेल्या बॅगा असतात. माझ्याकडे त्याच्या जोडीला पिंपं होती आणि दाराला लागून गॅसचा सिलिंडर. भिंतीत वर हवेसाठी एक भोक होतं. त्यातून उंदीर येतात म्हणून नवऱ्यानं त्यात जुना टॉवेल कोंबला होता.

सिलिंडर भरून देणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की हा बंद खोलीत ठेवू नकोस. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचत जातो, वास नाही, रंग नाही, आणि माणूस वाकला की थेट त्यातच. मी मान डोलावली होती. आई आल्यावर तिलाही सांगितलं.

"कसला गॅस म्हणालीस?"

"सोड्यात असतो ना, तो."

"सोड्याचा? मग त्यात भ्यायचं काय? आणि गळला तर मला वास येईलच की."

"ह्याला वासच नसतो, आई."

"वास नाही? मग तो गॅस कसला!" ती म्हणाली आणि कांदे घ्यायला खाली गेली.

मी तिला एकच ताकीद दिली होती. सिलिंडरच्या डोक्यावर जे चाक आहे त्याला हात लावायचा नाही. आणि तिनं नाहीच लावला. माझी आई दिलेला शब्द पाळते.

आता त्या दुपारच्या फोनबद्दल सांगायला हवं. आई आल्या आल्या तिनं शेगडीवर दूध ठेवलं आणि विसरली. तिथे ज्योत दिसत नाही, त्यामुळे चालू आहे की बंद, कळत नाही तिला. भांडं जळून कोळसा झालं आणि घरभर धूर. त्यानंतर मी शेजारच्या वॉटर्लू शहरातल्या ऑफिसमधून रोज दुपारी जेवताना तिला फोन करायचे. जेवलीस का, औषध घेतलंस का, आणि शेवटी न चुकता, "गॅस बंद केलास ना?"

"करते गं, करते," ती म्हणायची.

'केला' नाही, 'करते'. हा फरक माझ्या कानाला एकदाही टोचला नाही, आणि एरवी मी लोकांच्या बोलण्यातले शब्द वेचून भांडणारी बाई आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस माझ्या बियरचं बिनसलं. नळ उघडला की नुसता फेस. ग्लासभर फेस, तळाला बोटभर बियर. मी खाली जाऊन बघितलं तर सिलिंडरच्या रेग्युलेटरचा काटा भलताच वर. मी तो बारावर ठेवते, म्हणजे बियरमध्ये हवा तेवढाच गॅस जातो. समोरचा स्क्रू डावीकडे सैल करून मी काटा खाली आणला. दोन-चार दिवसांनी बघते तर पुन्हा वर. पुन्हा सैल केला. पुन्हा वर.

"रेग्युलेटर गेलाय," नवरा म्हणाला.

"नवा आहे तो!"

"मग तूच फिरवत असशील आणि विसरत असशील. वय झालं आता."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. पण मलाही दुसरं कारण सुचत नव्हतं. रेग्युलेटर जुने झाले की काटा आपोआप चढतो, हे मी वाचलेलं होतं, म्हणून तेच धरून चालले. मग सिलिंडरच हलका लागायला लागला. महिनोन् महिने पुरणारा गॅस इतक्यात संपत कसा आला? मी भरून देणाऱ्या दुकानावर चिडले. कमी भरतात मेले, आणि वर तोंड करून सांगतात.

आईची तक्रार वेगळीच होती. "खालून कांदे घेऊन आलं की डोकं भणभणतं. छातीत धाप लागते."

"जिना आहे आई. आणि इथली हवा कोरडी आहे. पाणी पी."

"जिना काय आजचा आहे का?"

ती पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाळ दाबत बसली होती. मीही एकदा पिंप जोडायला खाली वाकले होते तेव्हा माझ्या कानांत गच्च झालं, ठोके वाढले, आणि मी उठून उभी राहिले तेव्हा भिंत धरावी लागली. ऑफिसचा ताण, असं म्हणून मी दार ओढून घेतलं.

दिवाळी आली. इथे दिवाळी म्हणजे संध्याकाळी ऑफिसमधून येऊन घाईघाईनं नेसायची साडी आणि ड्राइववेवर पडलेली ओली पानं. पण आई घरात होती. तिनं पुण्याहून पणत्या आणल्या होत्या, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून, आणि प्रत्येक दाराशी एक पणती लागली पाहिजे असा तिचा दंडक. पुढचं दार, मागचं दार, गॅरेज, वॉशरूमसुद्धा. आमच्या पुण्याच्या घरीही अडगळीच्या खोलीत ती आधी पणती लावायची. अंधाऱ्या जागेला आधी उजेड, असं तिचं म्हणणं.

कोल्ड रूमच्या दाराशी, आतल्या बाजूला, जमिनीवर तिनं पणती ठेवली. मी मागे तेलाची बाटली घेऊन उभी होते. वात लागली, छान लागली, आणि मग ज्योत बारीक व्हायला लागली. फडफडली नाही. हलली नाही. नुसती आत आत ओढली गेली आणि विझली.

"वारा असेल," मी म्हणाले.

"वारा असला की ज्योत नाचते," आई म्हणाली. तिनं पुन्हा लावली. पुन्हा तसंच. तीच पणती तिनं उचलून बाहेर, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसपाशी उंचावर ठेवली, तर तिथे मजेत जळत राहिली. पुन्हा आत जमिनीवर ठेवली, विझली.

आई उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "ह्या खोलीत दिवा टिकत नाहीये."

"आई, सणासुदीचं काही तरी बोलू नकोस."

"मी नाही बोलत. दिवा बोलतोय."

अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला सांगू. पण मी इंजिनिअर बाई, काटा आला की आधी स्वतःवरच चिडते. म्हणाले, इथल्या तेलात काही दम नाही. ती पणती आम्ही फर्नेसपाशीच ठेवली आणि वर येऊन फराळाला बसलो. चकली खाताना आई एकदम म्हणाली, "काही वास तर येत नाही बाई." कशाबद्दल बोलतेय ते मी विचारलं नाही.

त्या शनिवारी मी सिलिंडर काठोकाठ भरून आणला. नवऱ्यानं तो उचलून खाली नेला, मी जोडला, काटा बारावर ठेवला. म्हटलं, आता बघू कुठे जातो गॅस.

नंतरच्या आठवड्यात एका दुपारी नेहमीसारखा फोन केला. मी ऑफिसच्या किचनमध्ये डबा उघडून बसले होते. नवरा त्या दिवशी लांब रिचमंड हिलला, त्याच्या कंपनीत. जेवलीस का, जेवले. औषध घेतलंस का, घेतलं. "गॅस बंद केलास ना?"

"थांब, आत्ता खालीच चाललेय. येताना कांदेही आणते." तिनं फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. ती फोन कधी बंद करत नाही, तसाच ठेवून जाते. मी घास तोंडात घातला. तिच्या सपातांचा आवाज लांब गेला आणि मग लाकडी जिन्यावर ऐकू यायला लागला, खाली खाली.

आणि मग माझ्या डोक्यात आलं. गॅस तर वर आहे. स्वयंपाकघरात, तिच्या हाताशी. मग ती खाली कशाला चाललीय?

पुण्याला आमच्या घरी ज्योत विझवली की म्हणायचे शेगडी बंद केली. 'गॅस बंद कर' म्हणजे सिलिंडरचा. बाहेर जाताना, झोपताना, दुपारी आडवं होण्याआधी. ओट्याखाली वाकायचं आणि रेग्युलेटरच्या तोंडावरचं बटण फिरवायचं. मी त्याच घरात वाढले आणि हे विसरून गेले. आई विसरली नव्हती. मी रोज दुपारी तिला फोन करून त्या खोलीत पाठवत होते.

"आई!" मी ओरडले. "आई, आत जाऊ नकोस! आई!"

ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून माझा आवाज बेसमेंटपर्यंत कसला पोचतोय. किचनमधली माणसं माझ्याकडे बघायला लागली. कोल्ड रूमचं दार खाली घासतं, त्याचा खरखर आवाज मला ऐकू आल्यासारखा वाटला. मग काही नाही. मी ओरडत राहिले, फोन कानाला लावून. शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या हातातला फोन मी अक्षरशः हिसकावला आणि 911 लावला. पत्ता सांगितला, आई म्हातारी आहे सांगितलं, बेसमेंट, गॅस. पलीकडची बाई विचारते, स्वयंपाकाचा गॅस का? वास येतोय का? मी किंचाळले, नाही, वास येत नाही, ह्याला वासच नसतो!

वॉटर्लू ते आमचं घर हा रस्ता मी डोळे मिटून चालवू शकते. त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल होता. एका ठिकाणी ट्रामचे डबे रस्त्यातून जात होते, सावकाश, आणि मी स्टिअरिंगवर हात आपटत मोठमोठ्यानं शिव्या देत होते. ट्रामला, सिलिंडरला, नवऱ्याच्या टॉवेलला. माझा स्वतःचा फोन बाजूच्या सीटवर होता, कॉल चालूच. त्यातून आमच्या फ्रीजची घरघर येत होती. मग लाकूड फुटल्याचा आवाज आला, माणसांचे आवाज आले, बूट आले. आईचा आवाज नाही आला.

पोचले तेव्हा पुढचं दार मोडलेलं होतं आणि आई ड्राइववेवर स्ट्रेचरवर होती. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, अंगावर ब्लँकेट, पायात एकच सपात. चेहरा राखेच्या रंगाचा. मी तिचा हात धरला तर तो गार होता, पण तिनं माझी बोटं दाबली. मी तिथेच बसकण मारली आणि लहान पोरीसारखी रडले.

ती जिन्यावर सापडली होती, मधल्या पायऱ्यांवर कलंडलेली. शुद्ध नव्हती. फायरमननं सांगितलं, कोल्ड रूमच्या दारात त्यांचं यंत्र कर्कश ओरडायला लागलं. ती आत पडली असती तर संपलं असतं. दाराशी जमिनीवर एक मातीची पणती आहे, ती कशाला, त्यानं विचारलं. मी आईकडे बघितलं.

आईनं मास्क बाजूला सारला. "दिवा नेला होता," ती पुटपुटली. "म्हटलं आज तरी टिकतो का बघू. दारातच विझला. म्हणून आत पाऊल नाही टाकलं गं मी. बाहेरूनच हात घातला आणि गॅस बंद केला. तर फुस्सकन् आवाज आला. मी घाबरले, वर यायला निघाले, मग आठवत नाही."

"बोलू नकोस, आई."

"वरच्या चाकाला हात नाही लावला. तू सांगितलं होतंस ना. समोरचंच बंद केलं. रोज करते तसं." आणि तिनं ब्लँकेटमधून हात बाहेर काढून मला दाखवलं. मूठ धरली आणि उजवीकडे पिळली. एकदा, आणि जोर लावून पुन्हा एकदा. "घट्ट."

फायरमन तिच्या हाताकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "रेग्युलेटरचा स्क्रू पार आतपर्यंत पिळलेला होता. दाब इतका चढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि सगळा सिलिंडर खोलीत रिकामा झाला."

नळ घ्या, बाटलीचं झाकण घ्या, बरणी घ्या, उजवीकडे पिळलं की बंद होतं. तो एक स्क्रू उलटा. उजवीकडे पिळला की दाब वाढतो, आणि जादा गॅस सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडा थोडा खोलीत झिरपत राहतो. आई रोज दुपारी, माझ्या फोननंतर, खाली जाऊन तो गॅस 'बंद' करत होती. मी वरचेवर तो सैल करून ठेवत होते आणि दुकानदाराला, रेग्युलेटरला, ऑफिसच्या ताणाला नावं ठेवत होते. तिनं तो माझ्यासाठी घट्ट केला होता. सिलिंडर उघडा टाकून माणसं घराबाहेर जातातच कशी, म्हणून.

"काय म्हणतोय गं तो?" आईनं विचारलं.

माझ्या तोंडाशी आलं होतं. चूक दिसली की माझ्या जिभेला धीर नसतो, हे सगळ्या घराला माहीत आहे. आईलाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, ओरडा खायची तयारी असल्यासारखी.

"तो म्हणतोय," मी म्हणाले, "तुम्ही गॅस बंद केलात म्हणून घर वाचलं."

तिनं डोळे मिटले. "बघ," ती म्हणाली.

हॉस्पिटलमधून ती घरी आली आणि थंडी सरायच्या आत पुण्याला परत गेली. डॉक्टर म्हणाले की ती पूर्ण बरी आहे. पण आता तिला नावं पटकन आठवत नाहीत, आणि ते आधीपासूनच होतं की त्या दिवसानंतरचं, हे मी कुणाला विचारत नाही. नवऱ्यानं भिंतीतला टॉवेल काढला. सिलिंडर मी परत देऊन टाकला. पिंपं ड्राइववेवर आणून शेवटची धुतली, रबरी रिंगा वाटीत काढून, नळी ब्रशनं घासून, आणि सॅनिटायझरचा फेस नळाखाली धरून चांगला विसळून टाकला. आता त्यावरून भांडायला कुणी नव्हतं. मग विकली.

आई रविवारी व्हिडिओ कॉल करते. बहुतेक वेळा तिच्याजवळ कुणी ना कुणी बसलेलं असतं. मावशी, शेजारच्या काकू, स्वयंपाकाच्या बाई. आणि ती त्यांना माझ्यादेखत सांगते, "हिच्या तळघरात वास नसलेला गॅस होता हो. नाकाला कळायचा नाही असा. मी रोज खाली जाऊन घट्ट बंद करायचे, म्हणून माझी लेक जिवंत राहिली." काकू हात जोडतात. मावशी डोळे पुसते. नवरा पलीकडून माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे डोळे वटारते.

मग ती स्क्रीनजवळ येते, इतकी की फक्त तिचं नाक दिसतं, आणि आवाज खाली आणून विचारते, "आता मी तिथे नाही. गॅस बंद करतेस ना रोज?"

"करते गं, करते."

"घट्ट?"

"हो आई," मी म्हणते. "घट्ट."